चिंता आणि निश्चिंती

चढण आहे. वर शहराची वेस, खाली उतरणीवर द्राक्षमळे. वेशीतून घोड्यांवर बसलेली बडी मंडळी शिकारीला बाहेर पडताहेत, बरोबर ससाणे आहेत. त्याच वाटेनं खालून गावकरी वर येताहेत. लादलेली गाढवं आहेत, आणि त्यांच्यातच एक माणूस एका डुकराला हाकत वेशीकडे निघाला आहे. डुक्कर काळं आहे, अंगानं सडसडीत, पायांनी उंच, आणि त्याच्या खांद्याभोवती एक पांढरा पट्टा आहे.

इटलीतल्या सिएना शहराच्या पालात्सो पुब्लिको या राजवाड्याएवढ्या नगरभवनात हे चित्र भिंतीवर आहे. आंब्रोजो लोरेन्झेत्तीनं ते १३३८-३९ मध्ये ओल्या गिलाव्यावर रंगवलं. सिएनावर तेव्हा नऊ जणांच्या मंडळाचा कारभार होता. १२८७ पासून १३५५ पर्यंत ही पद्धत टिकली. हे नऊ जण ज्या दालनात बसत, त्याच्याच तीन भिंतींवर त्यांनी चांगलं राज्य आणि वाईट राज्य रंगवून घेतलं. कारभार करता करता मान वर केली की आपल्या हातून काय होऊ शकतं, ते समोर दिसावं. चांगल्या राज्याची फळं दाखवणारी भिंत सुमारे १४ मीटर लांब आहे. डाव्या अंगाला शहर, उजव्या अंगाला रान, आणि मधोमध तटबंदीतली वेस.

या भिंतींवर जाणकारांनी खूप लिहिलं आहे. न्यायदेवता, एकाच दोरीला हात लावून चाललेले नागरिक, चौकात फेर धरून नाचणाऱ्या आकृती, सगळ्यांचे अर्थ लावून झाले आहेत. मला थांबायचं आहे ते त्या डुकराजवळ. भिंतीच्या मानानं ते अगदी लहान आहे. घाईनं पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटेल एवढंच. पण त्या चित्रातले शिपाई, सरदार, व्यापारी, त्यांचे पोशाख आणि त्यांचं राज्य, सगळं काळाआड गेलं, आणि हे जनावर मात्र आजही त्याच टेकड्यांमध्ये, त्याच काळ्या अंगानं आणि त्याच पांढऱ्या पट्ट्यानं हिंडतं आहे. चित्रातला तपशील खिडकीबाहेरच्या रानाशी असा ताडून पाहता यावा, हे भाग्य कलेच्या इतिहासात फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला आलं आहे.

या जातीचं नाव चिंता सेनेसे. ‘सेनेसे’ म्हणजे सिएनाचं, आणि ‘चिंता’ म्हणजे पट्टा, अंगाभोवती बांधलेलं काही. लॅटिनमधल्या ‘वेढणं, बांधणं’ या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला. आपल्या ‘चिंता’ शब्दाशी त्याचं काही नातं नाही. तरीही मराठी कानाला तो शब्द ऐकू येतो तो आपल्याच अर्थानं, आणि एकदा ऐकू आला की हे चित्र पाहताना तो मनातून जात नाही. तो का जाऊ नये, ते पुढे सांगतो. आधी जनावराकडे नीट पाहू.

पट्ट्यापासूनच सुरुवात करायला हवी. नावात पट्टा आहे म्हणून आपण कमरपट्ट्याची कल्पना करतो, पण तो कमरेवर नाही. मानेच्या मागून, खांद्यांवरून तो येतो, छातीला वेढतो आणि पुढच्या दोन्ही पायांवरून खाली उतरतो. आपल्याकडच्या वस्त्रांमध्ये त्याला जोड शोधायची तर ती उपरण्याची. खांद्यावरून घेतलेलं, दोन्ही बाजूंनी सारखं सोडलेलं पांढरं उपरणं. मागचं अंग, पोट, मांड्या, डोकं सगळं काळं. राठ, विरळ केसांचं. दोन रंगांची सीमा अशी स्वच्छ की कुणी सूत धरून आखली असावी. हा पट्टा रंगवलेला नाही, उलट रंग पोचला नाही म्हणून तो उमटला आहे. पिल्लू आईच्या पोटात घडत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यापासून निघून अंगभर पसरत जातात. या जातीत खांद्यांच्या पट्टीत त्या टिकत नाहीत, आणि तेवढी जागा कोरी राहते. किट नावाच्या जनुकाशी याचा संबंध आहे, आणि हा गुण प्रबळ असल्यानं दुसऱ्या जातीशी संकर झाला तरी पट्ट्याची खूण पुढच्या पिढीत डोकावत राहते. कोऱ्या सोडलेल्या जागेनं आकृती उठून दिसते, हे चित्रकाराला वेगळं सांगावं लागत नाही.

मग कान. ते उभे नाहीत आणि पूर्ण लोंबतेही नाहीत. पुढे झुकून डोळ्यांवर छपरासारखे येतात. काटेरी झुडपांत तोंड घालून चरणाऱ्या जनावराला हे छप्पर उपयोगी पडतं. मुसकट लांब आणि सरळ, कारण पोट भरायचं ते जमीन उकरून. पाय लांब आणि हाडं बारीक पण भक्कम, कारण दिवसभर चढउतार चालायचे. कातडी काळी, कारण टस्कनीचा, म्हणजे सिएना ज्या प्रांतात आहे त्याचा, उन्हाळा कडक. गुलाबी कातडीची डुकरं त्या उन्हात भाजून निघतात, याचं काही बिघडत नाही. आपल्या भाषेत डुक्कर हा शब्द बहुधा शिवी म्हणूनच येतो. चिखलात लोळणारं, वाट्टेल ते खाणारं, एवढीच त्याची ओळख. खरं तर डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून अंग थंड ठेवायला ते चिखल शोधतं. आणि चालायला रान मिळालं तर ते किती चपळ, किती चौकस असतं, हे या जनावराच्या बांध्यातच लिहिलेलं आहे. त्याचा प्रत्येक अवयव एका विशिष्ट रानाचं उत्तर आहे.

ते रान म्हणजे सिएनाच्या पश्चिमेचा मोंतान्योला सेनेसे हा टेकड्यांचा भाग. ओकच्या अनेक जाती आणि चेस्टनटची झाडं तिथे आहेत. शरद ऋतूत ओकची टणक, टोपीवाली फळं टपटप गळू लागतात, चेस्टनट फुटून पडतात, आणि डुकरांचा सुगीचा काळ सुरू होतो. एरवी गवत, मुळं, कंद, कापणी झालेल्या शेतातले दाणे. कमी पडलं तर शेतकरी जव किंवा घेवड्याच्या जातीचं कडधान्य घालतो. अशा खाण्यावर जनावर भराभर वाढत नाही. बंदिस्त गोठ्यातली आधुनिक डुकरं सहा महिन्यांच्या आसपास बाजाराला तयार होतात; या जातीला वर्ष तरी लागतं, बहुधा त्याहून जास्त. आजच्या नियमांतही हा काळ बांधून दिला आहे. चौथ्या महिन्यापासून जनावर मोकळ्यावर चरायला हवं, आणि वर्ष भरायच्या आत त्याला कापता येत नाही.

आता पुन्हा भिंतीकडे येऊ. लोरेन्झेत्तीच्या रानात एक गोष्ट लगेच खटकते, आणि थोड्या वेळानं तीच आवडू लागते. तिथे सगळे ऋतू एकाच वेळी चालले आहेत. एकीकडे नांगरट आणि पेरणी, दुसरीकडे कापणी, पुढे खळ्यावर मळणी. चांगल्या राज्यात वर्षाचं एकही काम अडत नाही, हे दाखवण्यासाठी त्यानं बाराही महिने एका टेकडीवर पसरले आहेत. पण वर चढणारं ते डुक्कर पाहा. बाकीच्या आकृती वर्षाचा एकेक तुकडा दाखवतात. या एका जनावराच्या अंगात अख्खं वर्ष साठलेलं आहे. वसंतातलं गवत, उन्हाळ्यातल्या शेतातले वेचलेले दाणे, शरदातली ओकची फळं, सगळी त्याच्या चरबीत उतरली आहेत. रानाचं एक वर्ष आपल्या पायांनी चालत शहरात येतं आहे.

आणि त्याच्या वर आकाशात कोण आहे? वेशीच्या अगदी बाहेर, रानाच्या माथ्यावर, पंख असलेली एक स्त्री तरंगते आहे. तिच्या एका हातात लेख लिहिलेली पट्टी आहे, दुसऱ्या हातात फाशीचा खांब आणि त्याला लटकलेला अपराधी. पट्टीवरच्या मजकुराचा भाव असा की, न भीता प्रत्येकानं वाट चालावी, नांगरावं, पेरावं. तिचं नाव तिच्या शेजारी लिहिलं आहे: सेक्युरितास. आपण त्याचं भाषांतर ‘सुरक्षा’ असं करतो आणि पोलिस, पहारे, कुलपं डोळ्यांसमोर आणतो. पण लॅटिनमध्ये त्या शब्दाची फोड सरळ आहे. ‘से’ म्हणजे वाचून, शिवाय. आणि ‘कुरा’ म्हणजे काळजी, चिंता. काळजीवाचून असणं. मराठीत त्याला सुरक्षेपेक्षा नेमका शब्द आहे: निश्चिंती.

वर निश्चिंती तरंगते आहे, आणि खालच्या वाटेनं ते पट्टेवालं जनावर चाललं आहे, ज्याला आज चिंता म्हणतात. ध्वनीचा हा योग चित्रकारानं आणलेला नाही. तो मराठी कानालाच लाभतो. पण त्या योगानं चित्रातला एक खरा संबंध उघड होतो. निश्चिंतीचं चित्र काढायचं कसं? भीती काढता येते: पळणारी माणसं, जळणारी घरं. निश्चिंती म्हणजे काही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीला आकार नसतो. तिला पंख आणि पट्टी देऊन फक्त तिचं नाव सांगता येतं. तिचा पुरावा द्यायचा तर तिच्यावाचून जगूच शकत नाही अशी एखादी वस्तू दाखवावी लागते. वर्षभर उघड्या रानात, भिंतीवाचून, कुलपावाचून वाढलेलं, धष्टपुष्ट झालेलं जनावर ही तशी वस्तू आहे. चौदाव्या शतकातल्या इटलीत भाडोत्री सैन्याच्या टोळ्या गावं लुटत हिंडत. कुणाच्याही हाती लागेल असं, चालतं-फिरतं, चविष्ट धन रानात सोडून देणं आणि वर्षानं ते शाबूत परत आणणं, हे तेव्हा गृहीत धरता येत नव्हतं. हे डुक्कर वेशीपर्यंत पोचलं, याचा अर्थ वर्षभर त्या वाटेवर भीती फिरकली नाही.

समोरच्या भिंतीवर वाईट राज्याचं चित्र आहे. तिचा गिलावा बराच खराब झाला आहे. तिथे वेशीवर सेक्युरितासच्या जागी तिमोर, म्हणजे भीती, तलवार घेऊन आहे. शहरात एकच धंदा नीट चालतो आहे, शस्त्रं घडवणाऱ्याचा. रानात शिपाई आहेत, उजाडलेली जमीन आहे, आणि घरी आणण्याजोगं काही नाही. एकदा ती भिंत पाहून परत या डुकराकडे वळलं की त्याची संथ चाल वेगळी दिसू लागते.

ही भिंत पुरी झाल्याला जेमतेम नऊ वर्षं लोटली आणि १३४८ ची प्लेगची साथ आली. सिएनानं फार मोठी किंमत मोजली. लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असं मानलं जातं. १३५५ मध्ये नऊ जणांचं राज्य उलथलं. भिंतीवरचं वचन पाळणारं कुणी उरलं नाही. रान उरलं, आणि रानातलं हे जनावर उरलं, कारण त्याची सूत्रं राज्यकर्त्यांकडे नव्हती, शेतकऱ्याच्या घरात होती.

टस्कनीत शतकानुशतकं शेती अर्धेलीनं चाले. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. ही वाटणी डुकरांनाही लागू होती. कुळाच्या घरात वर्षभराची चरबी, मीठ लावून टिकवलेलं मांस, सणासुदीचा घास, सगळं या जनावरातून येई. थंडी पडली की डुक्कर कापण्याचा दिवस ठरे. त्या दिवशी शेजारी मदतीला येत, आणि जनावराचा कुठलाही भाग वाया जात नसे. रक्ताचं बुरिस्तो होई, डोक्याच्या मांसाची सोप्रेसाता, गालाचं गोता, पोटाकडच्या थराचं रिगातीनो, मांडीचं प्रोशुत्तो. थंडीच्या त्याच दिवसांत, १७ जानेवारीला, जनावरांचा रखवाला मानला गेलेला संत आंतोनियो येतो. त्या दिवशी इटलीत गावोगावी गुरंढोरं आशीर्वादासाठी चर्चसमोर आणतात. या संताच्या चित्रांत त्याच्या पायाशी डुक्कर असतं. ज्याला मारायचं त्याला आधी मान द्यायचा, ही समज त्या शेतीत मुरलेली होती.

चवीबद्दल लिहायला हवं, कारण या जनावराचा रस शेवटी तिथे पोचतो. याची चरबी पांढरीशुभ्र, किंचित गुलाबी झाक असलेली आणि मऊ असते. ओकच्या फळांमुळे तिच्यात ओलिक आम्लाचं प्रमाण वाढतं; ऑलिव्ह तेलात मुख्यतः तेच असतं. म्हणून लार्दोची, म्हणजे मुरवलेल्या चरबीची, पातळ चकती गरम पावावर ठेवली की ती विरघळू लागते, आणि तोंडात तुपासारखी पसरते. मागे रेंगाळते ती सुक्या मेव्याची, थोडी गोडसर चव. मांस गडद लाल असतं, चरबीच्या बारीक शिरांनी विणलेलं. टस्कनीचा पाव बिनमिठाचा. आपल्याला तो पहिल्या घासाला अळणी लागतो. मग त्यावर खारवलेल्या मांडीचा काप ठेवला की कळतं, पावानं मीठ मुद्दाम सोडून दिलं आहे, दुसऱ्यासाठी जागा ठेवली आहे. आणि फिनोक्योना नावाच्या टस्कन सॉसेजमध्ये मराठी जिभेला ओळखीचं माणूस भेटावं तशी बडीशेप भेटते. मिरी आणि लसणाच्या आडून तिचा वास येतो, आणि चरबीचा जडपणा ती अलगद उचलून धरते. घाईनं वाढलेल्या जनावराच्या मांसाला ही खोली येत नाही. इथे मसाला चवीला आधार देतो, चव निर्माण करत नाही. चव रानानं वर्षभर आधीच घडवलेली असते.

विसाव्या शतकाला तेवढा वेळ नव्हता. १९३० च्या दशकात या जातीची वंशनोंदणी सुरू झाली होती आणि सिएनाच्या आसपासच्या शेतांवर तिचे कळप भरपूर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. तरुण माणसं शेत सोडून शहरांतल्या कारखान्यांकडे गेली. १९६४ च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद झाले. कुळांना जखडणारी ती पद्धत जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर रानात डुकरं राखणारं घरही गेलं. लोकांना चरबी नकोशी झाली, कमी चरबीचं मांस हवंसं वाटू लागलं. इंग्लंडमधली लार्ज व्हाइट ही जात आली: एका वेताला जास्त पिल्लं, कमी दिवसांत जास्त वजन, आणि बंदिस्त जागेत राहायची तयारी. काही काळ शेतकऱ्यांनी चिंता जातीची मादी आणि लार्ज व्हाइट नर यांचा संकर केला. त्या पिल्लांना ‘ग्रीजी’, म्हणजे करडी, म्हणत. काळा आणि पांढरा यांच्यामधली ती स्वच्छ रेघ करड्या रंगात विरत चालली. १९८० च्या दशकापर्यंत शुद्ध वंश जवळजवळ संपत आला होता. नर तर फारच थोडे उरले होते.

त्या थोड्या जनावरांना ज्यांनी सोडलं नाही, त्या शेतकऱ्यांचं काम मला लोरेन्झेत्तीच्या कामाइतकंच मोठं वाटतं. बाजार नाही, भाव नाही, शेजारी वेड्यात काढताहेत, तरी त्यांनी त्या मोजक्या डुकरांना रानात ठेवलं. पुढे वंशनोंदणी पुन्हा उभी राहिली, जातीच्या रक्षणासाठी उत्पादक एकत्र आले, आणि २०१२ मध्ये युरोपीय संघानं ‘चिंता सेनेसे’ या नावाला मूळस्थानाचं संरक्षण दिलं. आता टस्कनीत जन्मलेल्या, वाढलेल्या आणि नियमाप्रमाणे मोकळ्यावर चरलेल्या जनावराच्याच मांसाला ते नाव लावता येतं.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. ही जात वाचली ती खाल्ली जाते म्हणून. कुणी तिचं मांस विकत घेणार नसेल तर शेतकरी तिला वर्षभर रानात राखणार नाही, आणि मग ती चित्रापुरतीच उरेल. भिंतीवरचं डुक्करही बाजारालाच निघालं आहे. लोरेन्झेत्तीनं ते लपवलेलं नाही. हाकणारा माणूस त्याच्या मागे आहे, आणि वर निश्चिंतीच्याच हातात फाशीचा खांब आहे. मरण दोन्हीकडे आहे. फरक त्याच्या आधीच्या वर्षाचा आहे. त्या वर्षात जनावराला ऊन, पाऊस, उकरायला माती आणि चालायला टेकडी मिळाली का, हा प्रश्न आहे. या जातीला मान द्यायचा तो त्या वर्षाच्या रूपानं. मांस खाणारा असो वा न खाणारा, चारी बाजूंनी कोंडून वाढवलेल्या जनावराशेजारी हे चित्र ठेवून पाहणाऱ्याला तो फरक कळतो.

आज त्या वर्षावर पुन्हा सावट आहे. जानेवारी २०२२ मध्ये वायव्य इटलीत रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला. माणसाला त्याचा धोका नाही. डुकरांना मात्र तो बहुधा मारतोच, आणि त्याच्यावर उपचार नाही. बंदिस्त गोठ्यातलं जनावर भिंतीआड असतं. मोकळ्या रानात, जिथे रानडुकरंही फिरतात, तिथे चरणारं जनावर सगळ्यात उघड्यावर पडतं. ज्या मोकळेपणानं या जातीला घडवलं, त्यातूनच आता धोका येतो आहे, आणि रानाभोवती कुंपणं घालून त्याच्याशी झुंजावं लागतं आहे.

म्हणून त्या भिंतीवरची एक जागा मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. चित्रकारानं निश्चिंतीला शहरात ठेवलेलं नाही. शहराला तट आहेत, वेस आहे, रात्री दार लावता येतं. त्यानं तिला वेशीच्या बाहेर, उघड्या रानावर ठेवलं, जिथे भिंत नाही आणि जिथे तिचीच गरज आहे. नवं वेत झालं की पिल्लांच्या खांद्यांवरून पट्टा अखंड उतरला आहे ना, हे आजही आधी पाहतात. पट्टा तर त्यांच्या रक्तातून येतोच. त्याच्यावरचं मोकळं आकाश मात्र दर पिढीतल्या माणसांना नव्यानं राखावं लागतं.